खार, बर्फ आणि सरकता खांब

2016 च्या जानेवारीत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला हिमवादळाने झोडपले, तेव्हा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात 27.5 इंच बर्फ साचला. तिथल्या नोंदी 1869 पासूनच्या आहेत, आणि एकाच वादळात इतका बर्फ पडल्याची नोंद त्याआधी नव्हती. अशा वादळानंतर बंद रस्ते, गाडलेल्या गाड्या आणि फावडी यांची चर्चा होते. परसात पक्ष्यांसाठी दाण्यांचा फीडर टांगणाऱ्याला मात्र खिडकीतून आणखी एक गोष्ट दिसते. खांब तोच, फीडर तोच, खारींना अडवायला लावलेला पत्र्याचा अडसरही तोच. पण जमीन सव्वादोन फूट वर आलेली असते. ऑक्टोबरात जिची उडी अडसराच्या खालीच संपायची, ती खार आता बर्फाच्या कडक थरावर बसून वर बघते, मागचे पाय गोळा करते आणि एका झेपेत दाण्यांपाशी पोहोचते.

बर्फ खाली बसायला आठवडा लागतो. तोवर फीडर खारींचा.

परसातल्या फीडरविषयी लोक बोलतात ते दाणे कोणते घालावेत आणि फीडर कोणता घ्यावा याबद्दल. खांबाकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. दुकानातून लोखंडी आकडा आणायचा, जमिनीत खुपसायचा, झाले. पण फीडर चालतो की नाही, हे बरेचसे खांबावरच ठरते. आणि खांबाची खरी अडचण अशी, की त्याला एकच उंची पुरत नाही. दाणे भरणाऱ्या माणसाला फीडर खांद्याच्या उंचीवर हवा. खारीसाठी तो तिच्या उडीच्या पलीकडे हवा. बर्फ पडला की दोन फूट वर, फीडर धुवायचा असला की खाली. म्हणून हौशी लोक घरच्या घरी सरकता खांब बनवतात: एका नळीत दुसरी नळी, जुन्या दुर्बिणीसारखी, आणि हव्या त्या उंचीवर अडकवायला एक पिन.

हा छंद अमेरिकेत किती पसरला आहे, हे तिथल्या मासे व वन्यजीव खात्याच्या पाहण्यांवरून कळते. घराभोवती पक्ष्यांना दाणे घालणाऱ्यांची संख्या त्यांत पाच कोटींहून अधिक भरते. लांब पारदर्शक नळीला दोन्ही अंगांनी भोके आणि बसायला बारक्या दांड्या, हा आज सगळीकडे दिसणारा फीडर ऱ्होड आयलंडच्या पीटर किलहॅम यांनी 1969 मध्ये घडवला. त्याआधी दाणे बहुधा उघड्या फळीवर किंवा लाकडी घरट्यासारख्या पेटीत ठेवत. नळीने दाणे कोरडे राहू लागले, आणि त्यांत पक्ष्यांची विष्ठा पडणेही कमी झाले.

या दाण्यांचा पक्ष्यांना खरोखर किती उपयोग होतो? विस्कॉन्सिनमध्ये मार्गारेट ब्रिटिंगहॅम आणि स्टॅन्ली टेम्पल यांनी 1980 च्या दशकात काळ्या टोपीच्या चिकडी पक्ष्यांवर हे तपासले. चिकडी म्हणजे आपल्या रामगंगेचीच चुलत बहीण. वजन दहा-बारा ग्रॅम, म्हणजे दोन चमचे साखरेइतके. कडक हिवाळ्यात जिथे फीडर होते तिथल्या 69 टक्के चिकडी वसंतापर्यंत तगल्या. जिथे नव्हते तिथल्या 37 टक्केच. त्याच दोघांनी पुढे आणखी एक गोष्ट पाहिली. वर्षानुवर्षे फीडरवर येणाऱ्या चिकडींचा फीडर काढून घेतला, तरी त्या कधीच फीडर न पाहिलेल्या चिकडींइतक्याच तगल्या. दाणे आयते मिळाले म्हणून त्या शोधायचे विसरल्या नव्हत्या. ज्या रात्री पारा उणे दहाच्या बराच खाली जातो, त्या रात्रीच्या आधीची मूठभर सूर्यफूल बी म्हणजे त्या इवल्या जिवाला भर थंडीत मिळालेली शिदोरी.

आता खारीकडे वळायला हवे, कारण खांबाची मापे तीच ठरवते.

पूर्व अमेरिकेतली राखाडी खार आपल्या अंगणातल्या तीन पट्ट्यांच्या खारीहून पुष्कळ मोठी असते; वजन साधारण अर्धा किलो. ती शहरांत पूर्वापार नव्हती, हे वाचून अनेक अमेरिकनांनाही नवल वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या शहरांतून खार जवळजवळ दिसेनाशी झाली होती. 1847 मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन चौकात तीन खारी मुद्दाम आणून सोडल्या, त्यांना खाऊ दिला, राहायला पेट्या टांगल्या. पुढे बॉस्टनने आणि न्यू हेवनने तेच केले, आणि 1877 च्या सुमारास सेंट्रल पार्कातही खारी सोडल्या गेल्या. एटिएन बेन्सन या इतिहासकाराने हा सारा प्रवास 2013 मध्ये मांडला. परसातली खार आगंतुक नाही. तिला तिथे माणसानेच हौसेने बोलावले. तिच्याशी वैर धरून खांब बनवणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे, म्हणजे हाताशी येणारे उपायही सौम्य राहतात.

तिची ताकद मात्र कमी लेखू नये. उभी उडी सुमारे चार फूट. आडवी झेप आठ-नऊ फूट. मागचे पंजे घोट्यातून पार उलटे वळतात, म्हणून ती खांबावरून डोके खाली करून तितक्याच सहज उतरते. बर्कली विद्यापीठाच्या आवारातल्या निलगिरीच्या झाडांत नॅथॅनियल हंट, लुसिया जेकब्स आणि रॉबर्ट फुल यांनी खारींना शेंगदाण्यांची लालूच दाखवून वेगवेगळ्या वाकणाऱ्या कृत्रिम फांद्यांवरून उड्या मारायला लावले. 2021 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. त्या खारी वेगळ्या जातीच्या होत्या, पण गुण तेच. उडी कुठून घ्यायची हे ठरवताना त्या समोरच्या अंतरापेक्षा पायाखालची फांदी किती लवते याला सहापट महत्त्व देत होत्या. अनोळखी फांदीचा अंदाज त्यांना दोन-चार प्रयत्नांत येई. उडी चुकेलसे वाटले तर त्या बाजूच्या भिंतीला पाय लावून वेग सावरत. प्रयोगभर एकही खार खाली पडली नाही.

खांब बारीक असला, डुलता असला म्हणून खार घाबरेल, ही आशा या प्रयोगाने पार मोडीत काढली. अमेरिकी पक्षीप्रेमींमध्ये एक ठोकताळा रुळला आहे: पाच, सात, नऊ. फीडर जमिनीपासून निदान पाच फूट वर, कुंपण किंवा बुंध्यापासून सात फूट दूर, आणि वरून लोंबणाऱ्या फांदीपासून नऊ फूट खाली. परसात एवढी, आणि आडव्या झेपेचा विचार करता बाजूंना त्याहूनही थोडी जास्त, मोकळी जागा मिळाली, तर उरतो फक्त खांबावरून वर चढण्याचा मार्ग. तो बंद करायला मधोमध अडसर लावतात, आणि तिथून पुढचे सगळे काम धातूच्या नळ्यांचे.

अमेरिकेत विजेच्या तारा भिंतीवरून नेण्यासाठी जस्ताचा मुलामा दिलेली पातळ पोलादी नळी वापरतात. इलेक्ट्रिशियन तिला ईएमटी म्हणतात. बांधकामसामानाच्या कुठल्याही दुकानात ती दहा फुटी लांबीत मिळते आणि महागही नसते. या नळीचा एक गुण सरकत्या खांबासाठी जणू योजून ठेवल्यासारखा आहे. ‘एक इंची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नळीचा आतला व्यास 1.049 इंच असतो, आणि ‘पाऊण इंची’ नळीचा बाहेरचा व्यास 0.922 इंच. एक दुसरीत अलगद जाते. मध्ये 0.127 इंच, म्हणजे तीन मिलिमीटरहून थोडी जास्त फट उरते: सरकायला पुरेशी, खडखडायलाही पुरेशी.

त्या खडखडाटाचा हिशेब नळी कापायच्या आधीच करावा. वरची नळी खालच्या नळीच्या तोंडाबाहेर साडेसहा फूट आहे आणि आत फक्त सहा इंच राहिली आहे असे समजू. तीन मिलिमीटरची ती फट शेंड्यापर्यंत पोहोचता पोहोचता दीड इंचाहून मोठी डुगडुग होते, आणि वारा आला की फीडर घंटेसारखा हलू लागतो. तीच नळी आत दीड फूट ठेवली तर शेंड्याची हालचाल अर्ध्या इंचाच्या आसपास येते. आत किती नळी राहते यावर सगळी स्थिरता अवलंबून असते, आणि नेमका तो भाग बाहेरून दिसत नाही. बाजारच्या स्वस्त सरकत्या खांबांत तोच आखूड ठेवलेला असतो.

उरलेली फट बुजवायला दुधाचा रिकामा कॅन कामाला येतो. अमेरिकेत गॅलनचे दूध ज्या पांढऱ्या, किंचित तुकतुकीत प्लास्टिकच्या कॅनमधून येते, त्याच्या दोन बोटे रुंद पट्ट्या कापायच्या. एक पट्टी वरच्या नळीच्या खालच्या टोकाला बाहेरून गुंडाळून चिकटवायची. दुसरी खालच्या नळीच्या तोंडाशी आतून. ते प्लास्टिक मुळातच निसरडे, पाण्याने फुगत नाही, थंडीत तडकत नाही. एका वेढ्याने फट भरली नाही तर दुसरा द्यायचा. नळी हाताने दाबली की सरकावी आणि सोडली की सावकाश खाली जावी, इतपत जमले की झाले. पट्ट्या दोनच, आणि त्यांच्यात जितके अंतर ठेवता येईल तितके ठेवायचे. मधली नळी कशालाही टेकत नाही, म्हणून गंजाचा किंवा बर्फाचा कण अडकला तरी सरकणे थांबत नाही.

मापे अशी जुळतात. खालची एक इंची नळी साडेसहा फुटांची: अडीच फूट जमिनीत, चार फूट वर. वरची पाऊण इंची नळी आठ फुटांची. तिच्या शेंड्याला आडवा हात, त्याला फीडर. हातापासून दोन फूट खाली, या वरच्याच नळीला, अडसर. अडसर खालच्या स्थिर नळीला लावणे सोपे वाटते आणि बहुतेक जण तसेच करतात; पण मग खांब कितीही वर सरकवला तरी अडसर आपल्या जागी राहतो आणि बर्फावर बसलेल्या खारीला तो आयता हाताशी येतो. अडसर फीडरबरोबर वर-खाली गेला पाहिजे. या खांबाचे सगळे मर्म त्या एका निर्णयात आहे.

अडसर म्हणजे धुराड्याच्या पत्र्याची नळी, सहा ते आठ इंच व्यासाची, दोन फूट लांब. रॅकून फिरत असतील तर आठ इंचीच घ्यावी. वरचे तोंड पत्र्याच्या गोल झाकणाने बंद करायचे, झाकणाला मधोमध खांबाएवढे भोक, आणि झाकणाखाली खांबावर आवळलेला क्लॅम्प, ज्यावर ते टेकेल. खार खांबावरून चढत येते, नळीच्या आत शिरते, अंधारात डोके झाकणाला लागते, आणि ती उलटी उतरते. बाहेरून उडी मारली तर गुळगुळीत पत्र्यावर नखे रुतायला जागाच नाही. अडसर किंचित डुलता ठेवला तर आणखी बरे.

काही जण खांबालाच ग्रीस किंवा तेल फासतात. हे करू नये. ते खारीच्या केसांत आणि पक्ष्यांच्या पिसांत बसते, निघत नाही. आणि चिकटलेल्या पिसांनी अंगाची ऊब धरून ठेवता येत नाही. भर जानेवारीत त्याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको.

पिनेची भोके पाडणे हे कामातले सर्वांत नाजूक काम. गोल नळीवर ड्रिल ठेवले की ते घसरते. म्हणून आधी सेंटर पंच आणि हातोडीने एक बारीक खळगा उठवायचा. नळी हलू नये म्हणून लाकडाच्या ओंडक्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडून तीत ती आडवी ठेवायची. आधी बारीक भोक आरपार, मग पाव इंची पिन सैल जाईल एवढे मोठे. खालच्या नळीला एकच भोक, तोंडापासून दोन इंच खाली. वरच्या नळीला सहा-सहा इंचांवर सहा भोके, सगळी एका रेषेत. ती रेष नळीवर आधी कोनपट्टीच्या कडेने आखून घ्यावी, नाहीतर प्रत्येक उंचीला फीडरचे तोंड वेगळ्या दिशेला वळते. भोक पडले की त्याच्या कडेने पोलादाची एक पातळ, ब्लेडसारखी धार उभी राहते. बोट फिरवले तर बोट कापते. आणि राहू दिली तर सरकताना प्लास्टिकची पट्टी खरवडून टाकते. गोल कानशीने ती घासून काढायची, आणि उघड्या पडलेल्या पोलादावर जस्ताचा रंग लावायचा. हे पाच मिनिटांचे काम टाळलेला खांब दुसऱ्या हिवाळ्यात अडकून बसतो.

मग उंचीचे गणित सुटते. अगदी खाली सोडला तर अडसराचे झाकण खालच्या नळीच्या तोंडावर, चार फुटांवर येऊन बसते. तिथे पिन लागतही नाही. फीडरचा हात सहा फुटांवर, फीडर त्याखाली दीड फूट लोंबणारा. बेताच्या उंचीचा माणूस जमिनीवर उभा राहून तो काढू शकतो. बर्फात, घरामागच्या निसरड्या जागेत, वयस्क माणसाने स्टुलावर चढणे टळते. हा फायदा खारीपेक्षाही मोठा मानावा. रोजची उंची म्हणजे अडसराचे झाकण सहा फुटांवर. आणि सव्वादोन फूट बर्फ पडला तर शेवटच्या भोकापर्यंत, झाकण साडेआठ फुटांवर. बर्फाच्या पृष्ठभागापासून मोजले तर ते पुन्हा सहा फुटांच्या थोडे वरच राहते. त्या स्थितीतही वरची नळी खालच्या नळीत दीड फूट असते.

एक सावधगिरी. पिन काढायच्या आधी दुसऱ्या हाताने वरची नळी घट्ट धरायची. नळी, अडसर आणि भरलेला फीडर मिळून चार-पाच किलो वजन होते, आणि झाकण व नळीचे तोंड यांच्यामध्ये बोट सापडले तर चांगलेच चेंगरते.

जमिनीखालचे काम कंटाळवाणे असले तरी खांब वर्षभरात वाकडा होतो तो तिथल्याच चुकीने. अमेरिकेत खड्डा खणण्यापूर्वी 811 या क्रमांकावर फोन करायचा असतो. 2007 पासून हा क्रमांक देशभर एकच आहे. मग वायू, वीज, पाणी यांच्या कंपन्यांची माणसे येऊन आपापल्या वाहिन्यांवर रंगीत खुणा करून जातात, आणि त्याचे पैसे पडत नाहीत. खड्डा अडीच फुटांहून थोडा खोल. तळाशी ओंजळभर नव्हे, चांगली घमेलेभर खडी, कारण उत्तरेकडच्या थंडीत जमिनीतले पाणी गोठून फुगते आणि रुतवलेली वस्तू दरवर्षी थोडी थोडी वर ढकलते. पाणी झिरपून गेले तर फुगायला काही उरत नाही. खडीवर सव्वा इंची पीव्हीसी नळीचा तुकडा उभा करायचा, ओळंबा लावून सरळ करायचा, भोवती खडी आणि माती ठासून भरायची. खांब त्या तुकड्यात बसतो आणि उरलेल्या फटीत लाकडी पाचर. काँक्रीट ओतले तर काम पक्के होते खरे, पण पुढच्या वर्षी झाडाची फांदी वाढली आणि नऊ फुटांचे अंतर सहावर आले, तर खांब उचलून दुसरीकडे नेता यायला हवा. पाचर हातोडीच्या दोन ठोक्यांत निघते.

जागा ठरवताना खारीइतकाच काचेचा विचार करावा लागतो. 2014 मध्ये स्कॉट लॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या अंदाजानुसार अमेरिकेत दरवर्षी 36.5 कोटी ते 98.8 कोटी पक्षी इमारतींवर, मुख्यतः त्यांच्या काचांवर, आपटून मरतात. त्यांतले बरेच साध्या घरांच्या खिडक्यांवर. काचेत आभाळ आणि झाडे दिसतात, पक्ष्याला ती खरी वाटतात. पेन्सिल्व्हेनियातले डॅनियल क्लेम गेली अनेक दशके याच विषयावर काम करत आहेत. त्यांच्या निरीक्षणांतून निघालेला सल्ला पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटा वाटतो: फीडर खिडकीपासून तीन फुटांच्या आत तरी ठेवा, नाहीतर तीस फुटांपलीकडे. अगदी जवळून उडालेल्या पक्ष्याला वेग घेता येत नाही, म्हणून धडक बसली तरी ती प्राणघातक ठरत नाही. सर्वांत धोक्याचे अंतर मधले. आणि परसाचा ‘मधोमध छान दिसणारा’ कोपरा नेमका त्यातच पडतो. खांब कुठल्याही अंतरावर असला तरी काचेवर दोन-दोन इंचांवर ठिपके चिकटवणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय.

अस्वलांच्या प्रदेशात मात्र या खांबाची मर्यादा मान्य करावी लागते. न्यू जर्सीच्या वायव्येकडे, पेन्सिल्व्हेनियात, न्यू इंग्लंडात काळी अस्वले फीडरच्या वासाने परसात येतात. फीडर दहा फूट उंच टांगा, असा सल्ला दिला जातो. पण पाऊण इंची नळी अस्वलाच्या एका ओढीत वाकते. अस्वले जागी असतात त्या महिन्यांत, म्हणजे वसंतापासून हिवाळा सुरू होईपर्यंत, फीडर काढून ठेवणे हाच मार्ग. परसात खायला मिळते हे एकदा शिकलेले अस्वल घरांजवळ यायचे थांबत नाही, आणि शेवटी जीव त्याचाच जातो.

फीडरमध्ये काय भरतात हे पाहिले तर मराठी वाचकाला ओळखीचे चेहरे भेटतात. न्यू जर्सीत मराठी घरे पुष्कळ आहेत, आणि तिथल्या दुकानात पक्ष्यांच्या दाण्यांच्या फडताळावर ‘नायजर’ नावाने ठेवलेली काळी, चकचकीत, सुईच्या टोकाएवढी बी पाहून कुणालाही स्वयंपाकघर आठवावे. ते कारळे, कुठे खुरासणी म्हणतात. ज्यांची चटणी भाकरीबरोबर खाल्ली जाते, तेच. अमेरिकेत कारळे भारतातून आणि इथियोपियातून येतात. त्यांच्याबरोबर अमरवेलीसारख्या परजीवी तणाचे बी येऊ नये म्हणून ते तिथे उष्णतेने निर्जीव केले जातात. उगवत नाहीत, पण खायला तसेच राहतात. पिवळाधम्मक गोल्डफिंच पक्षी त्यावर तुटून पडतो. त्याच्यासाठी नळीला एवढी बारीक भोके असतात, की सूर्यफुलाचा दाणा त्यांतून बाहेरच येऊ नये.

दुसरा ओळखीचा दाणा करडई. तिचे टणक, कडवट बी खारींना फारसे आवडत नाही, आणि लालभडक कार्डिनलला मात्र चालते. जाड चोचीने तो ते टचकन फोडतो. तिसरी मिरची. दाण्यांना तिखट चोळून ठेवले तर खार तोंड लावून मागे सरते, पक्षी बिनधास्त खातात. याचे कारण 2002 मध्ये स्वेन-एरिक यॉर्ट आणि डेव्हिड ज्युलियस यांनी दाखवले: मिरचीतला तिखट रेणू सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहकाला चेतवतो, तोच ग्राहक कोंबडीत असा घडलेला असतो, की त्याला तो रेणू जाणवत नाही. उष्णता आणि वेदना यांच्या जाणिवेवरील या दिशेच्या कामासाठी ज्युलियस यांना 2021 चे नोबेल मिळाले. मिरचीच्या दृष्टीने हे सोयीचेच आहे. तिचे बी दाताने चावणारा प्राणी नको, ते सबंध गिळून दूर टाकणारा पक्षी हवा.

फीडर खाली आणता येण्याचा सर्वांत मोलाचा उपयोग धुण्यासाठी होतो, आणि त्याकडेच जास्त दुर्लक्ष होते. 1994 च्या सुमारास वॉशिंग्टनच्या परिसरात हाउस फिंच पक्षी सुजलेल्या, चिकट डोळ्यांनी फीडरवर बसलेले दिसू लागले. त्यामागे कोंबड्यांमधला एक जिवाणू होता, रानपक्ष्यांत उतरलेला. काही वर्षांत तो पूर्वेकडच्या बहुतेक राज्यांत पोहोचला. त्याचा माग काढता आला तो घराघरांतून पक्षी मोजणाऱ्या हौशी माणसांमुळे. ऑन्टारियोत 1976 मध्ये एरिका डन यांनी अशी फीडरवरची मोजणी सुरू केली. 1987 च्या हिवाळ्यापासून कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेच्या साथीने ती अमेरिका-कॅनडाभर पसरली, आणि ‘प्रोजेक्ट फीडरवॉच’ या नावाने अजून चालू आहे. डोळे मिटत आलेला पक्षी दाण्यांच्या भोकात चोच घालतो आणि त्याच भोकात पुढचा पक्षी चोच घालतो. रोग तिथून जातो. म्हणून दर दोन आठवड्यांनी फीडर रिकामा करून, नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून धुवायचा, खळखळून पाण्याने काढायचा, पूर्ण सुकवायचा. आजारी पक्षी दिसला तर काही दिवस फीडर बंदच ठेवायचा. जो फीडर स्टूल आणल्याशिवाय हाताशी येत नाही, तो दोन आठवड्यांनी धुतला जात नाही. सरकत्या खांबावरचा धुतला जातो.

हे सगळे एका थंड सकाळी पाहिले तर पाच मिनिटांत आटपते. डावा हात नळीला, उजव्या हाताने पिन ओढायची. थंडीत आखडलेली प्लास्टिकची पट्टी क्षणभर धरून ठेवते, मग नळी कुरकुरत खाली येते आणि झाकण तोंडावर टेकते. जुने दाणे बादलीत, भोकांच्या कडेला साचलेला चिकट काळा थर बाटलीच्या ब्रशने खरवडून काढायचा. स्वयंपाकघरात दुसरा, धुऊन सुकवलेला फीडर तयार असतो. तो भरून आणून हाताला अडकवायचा. मग खांब वर चढवायचा, एक भोक, दोन, तीन. जवळच्या झुडपात चिकडी आधीपासून येऊन बसलेल्या असतात. हा पक्षी माणसाला फार भीत नाही. पिन अर्धी आत गेलेली असते आणि माणूस अजून खांबाला धरून उभा असतो, तेवढ्यात एक चिकडी डोक्यावरून येते, एकच दाणा उचलते, आणि फांदीवर जाऊन तो दोन पायांत धरून ठोकू लागते.